सामाईक विहिरीतला मी

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

स्वतःला ओळखायचा खर्च: कोर्सची फी साडेतीन हजार. ही वही एकशे चाळीस. देवळी-वर्धा बस, जाऊन-येऊन, पाच रविवार. दुकान पाच रविवार बंद. बायकोला, सरिताला, सांगितलेला आकडा: फुकट, शासनाची योजना आहे.

आकांक्षा मॅडम रिटायर्ड प्रोफेसर. विषय, विश्लेषणात्मक मानसशास्त्र. आम्ही नऊ जण. बाकी सगळे मास्तर नाहीतर बँकवाले, मोटर रिवाइंडिंगवाला मी एकटा. नववी नापास, पण टिनाच्या टपरीपासून दोन मजली दुकानापर्यंत आलो तो कानाच्या जोरावर. रस्त्यानं जाता जाता सांगतो, बेअरिंग गेलं की कॉइल. मशीन कोणतंही असो, माझ्या कानाला लपत नाही. मन म्हणजे तरी काय, आणखी एक मशीन.

पाचव्या रविवारपर्यंत 'स्व' सापडेल. दोन आठवडे पुरे आहेत, पण फी पाचाची भरली आहे.

१७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

होमवर्क: उठल्याबरोबर स्वप्न लिहायचं. पडलं नाही.

१८ नोव्हेंबर

नाही.

१९ नोव्हेंबर

नाही. सरिताला म्हटलं, भांडी जरा हळू घासत जा, येता येता स्वप्न परत जातं. म्हणाली, "सहा वाजता नळ येते. तुमी स्वप्न पाच वाजता पाहून घेत जा."

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सामूहिक अबोध, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनाखालचं एकच खोल मन. बँकवाल्यांची तोंडं कोरी. मला एका मिनिटात समजलं. ही सामाईक विहीर आहे. वरून प्रत्येकाचं वावर वेगळं, खाली पाणी एकच. आमचीच घ्या. मी आणि धाकटा भाऊ गुलाब, दोघांत एक विहीर, सातबाऱ्यावर नोंद. सोम, मंगळ, बुध माझी पाळी, गुरू, शुक्र, शनि त्याची. रविवारी विहिरीला सुट्टी.

मॅडम म्हणाल्या, उदाहरण रंजक आहे. बाकी आठ जणांना एवढंही म्हणाल्या नाहीत.

२५ नोव्हेंबर

महत्त्वाचा शोध. विहीर सामाईक असेल तर कोणीही काढलेलं पाणी पाणीच. म्हणजे सरिताचं स्वप्न मला चालतं. तिला विचारलं. दोन माणसं विहिरीच्या काठावर, पाठीला पाठ लावून बसलेली, बादली खाली. लिहून घेतलं. आज मंगळवार, पाळी माझीच.

२७ नोव्हेंबर

विहिरीवरची मोटर जळली. गुलाबच्या पाळीत. त्याची बायको शकुबाई ऑटोत टाकून दुकानात घेऊन आली. तो स्वतः आला नाही. चार वर्षं झाली, बोलत नाही. कारण क्षुल्लक. माझ्या बुधवारी त्यानं तासभर आधी मोटर लावली आणि मी चार लोकांत त्याला पाणीचोर म्हणालो. शब्द जरा कडक होता, पण तासभर म्हणजे तासभर.

मोटरची कॉइल आजच नवी भरून तयार केली. पोत्याखाली ठेवली. गुलाबनं यावं, "दादा, मोटर दे" म्हणावं. तीन शब्द. आठ दिवसांत येईल. लिहून ठेवतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आज छाया. जे स्वतःत पाहवत नाही, ते आपण दुसऱ्यावर टाकतो. नावडत्या माणसाचे दोष लिहा, म्हणाल्या. मी गुलाबचे लिहिले. हट्टी. आधी बोलणार नाही. आपलंच खरं करतो. कोणाचं ऐकत नाही. सुपरव्हायझर असल्यासारखा चालतो. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, आता ही यादी आरशासमोर वाचा.

मॅडमनी गुलाबला पाहिलेलं नाही.

सरिताचं स्वप्नही वाचलं. मॅडमनी विचारलं, स्वप्नात काय वाटत होतं? आता हे मला कसं ठाऊक असणार? म्हटलं, संमिश्र.

घरी येऊन सरिताला विचारलं. "काय वाटणार? तहान लागली होती. अन् त्या दोघाले मणत होती, अबे, एकानं तं वळून पाहा."

५ डिसेंबर

आठ दिवस झाले. गुलाब आला नाही. हरभरा वाळतोय, त्याचाही आणि माझाही. सरिता म्हणते, "मोटर नेऊन काऊन देत नाई? तुमचंबी पीक मरून राह्यलं." प्रश्न पिकाचा नाही, तत्त्वाचा आहे. मुदत आणखी आठ दिवस वाढवली.

७ डिसेंबर, रविवार

सक्रिय कल्पना. शांत जागी डोळे मिटायचे, मनानं खाली खाली उतरायचं, जे येईल ते येऊ द्यायचं. मास्तर लोक खुर्चीवरच उतरले. मला पंख्याचा आवाज नडला. कपॅसिटर कमजोर. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, नंतर.

११ डिसेंबर, गुरुवार

झालं!

विहिरीवर गेलो. पाळी गुलाबची, पण मोटरच नाही तर पाळी कसली. काठावर बसलो, डोळे मिटले. तुरीच्या आड सगळं सामसूम. दहा मिनिटं काही नाही. मग खालून, जमिनीच्या पोटातून, गंभीर गुरगुर. तळपायाला कंप. वाढत गेला. छातीत घुमला. घाबरलो नाही. म्हटलं, ये. हजारो वर्षांचा आवाज तो, माझ्या एकट्याचा नव्हेच. अर्धा तास बसलो. डोळ्यांतून पाणी. कुठेतरी कोणी "ओ" म्हणाल्यासारखंही वाटलं. मला आतून कोणी हाक मारत होतं.

डोळे न उघडता उठलो, वावराचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडून मगच उघडले. मॅडम म्हणाल्या होत्या, अनुभव सांडू देऊ नका.

१४ डिसेंबर, रविवार

वर्गात वाचलं. टाळ्या. बँकवाल्यांच्या तोंडावर जळजळ स्पष्ट. मॅडमनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "रूपरावजी, ज्याला 'स्व' भेटला तो घरी बसत नाही. ज्याच्याशी अडलंय, त्याच्याकडे जातो."

ठरलं. उद्या मोटर घेऊन मीच जाणार. आधी मी बोलणार. मोठा आहे, शोभतं. काय बोलायचं तेही पाठ केलं: गुलाब, चल, पाणी एकच आहे.

सरितानं पहिल्यांदा काही टोमणा मारला नाही. पोतं तिनंच झटकलं.

१५ डिसेंबर, दुपार

ऑटोतून मोटर नेली. तुरीपलीकडं गुलाबच्या हरभऱ्यात पाणी वाहत होतं. तो पाइपाशी उभा. मी पाठ केलेलं विसरलो. म्हटलं, मोटर आणली.

चार वर्षांनी बोलला. रागानं नाही, तेच लागलं. "दादा, आता ठेव तुह्यापाशीच. म्या बोअर मारला. विहिरीची पाळी सारी तूच घे, लिहून देतो."

कधी मारला विचारलं.

"गुरवारी. तू विहिरीवर डोये मिटून बसला होता ना, तवाच. म्या दोनदा ओ दिला, हात केला. मणलं, दादा आला, आता मशीन थांबवू. तू तं उठून चालला गेला."

बोअरची गाडी विहिरीपासून शंभर पावलांवर उभी होती. दोनशे चाळीस फूट. सहा तास चालली.