चिमटीतला अर्क

बाबा, आज पुन्हा तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे भांडण माझ्यापुरतं मिटलेलं नाही.

लढाईमुळे विलायती औषधं येईनाशी झाली होती. नगरच्या दवाखान्यात आमच्या डॉक्टरीणबाई गावठी औषधं तपासू लागल्या. आधी सशांना द्यायची, त्यांना सोसली तरच माणसांना. ससे सांभाळायचे, वजन करून त्यांना औषध पाजायचं, हे काम माझ्याकडे. तुमची जंतांवरची पळसबियांची पूड मीच तिथे मोठ्या अभिमानानं नेली. देवळाली प्रवरेच्या आसपासची पोरं तुमच्या ओट्यावर यायची आणि तुम्ही म्हणायचात, "तुजी तूच चिमूट घे." पोर लहान, तर चिमूटही लहान. बाईंना ही रीत फार आवडली. पूड सशांना सोसली आणि मी कितीतरी दिवस हवेत होते.

मग सुट्टीत घरी येते तर चुलीवर त्याच बिया आटताहेत. पूड कडू, पोरं थुंकून टाकतात, म्हणून तुम्ही घट्ट अर्क काढला होता, बरणीभर. आणि तोही पोराच्याच चिमटीनं देणार होतात! अहो, मूठभर बियांचा जोर त्या एका चिमटीत उतरला होता. मी म्हटलं, थांबा, तपासून येते. थोडा अर्क नगरला नेला, पोराच्या एका चिमटीतला, वजनाच्या मानानं सशाच्या वाट्याला येईल तेवढाच पाजला. सशानं गवताला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मेला. कापून पाहिलं तर मूत्रपिंडं सुजून लालभडक झाली होती.

गावी परतले तेव्हा तुम्ही पोरांना द्यायला नुकतीच बरणी उघडून बसला होतात. मी सगळं सांगितलं, तर तुम्ही हसलात. "तुज्या सशाला जंत हुते का गं?" अख्खा ओटा हसला. "मुका जीव मारून मला शिकिवती व्हय? इतकी वर्सं पोरं बरी केली म्या." तुमच्यासमोर एक चिमुरडी बरणीत बोटं घालत होती. मी बरणी ओढून घेतली आणि उकिरड्यावर ओतली.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. लोकांना सांगायचात, कुठं कुणाला काय झालं? नाही झालं, बाबा, कारण बरणी मी ओतली. वाचलेली पोरं साक्ष द्यायला येत नसतात, त्यांना ठाऊकच नसतं. आजही तीच वेळ आली तर तुमच्या देखत पुन्हा ओतीन. माफी मागणार नाही.

पत्ता कुणाचा घालणार, म्हणून हे पत्र इथंच राहील. तेव्हा एक सांगून टाकते. पहिल्याच सशानंतर बाई म्हणाल्या होत्या, पुरे, कळलं. मी ऐकलं नाही. आणखी ससे घेतले, त्यांनाही तोच अर्क पाजला. बाईंना वाटलं, पोरगी कामात चोख आहे. मला मात्र त्यातला एखादा जगायला हवा होता, म्हणजे तुम्ही बरोबर निघाला असतात. एकही जगला नाही.