पिशवीतली केळी

करिश्मा,

आशीर्वाद वगैरे नंतर. काल टिटवाळ्याला तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हापासून घास उतरत नाही. तुझी रिद्धी सात वर्षांची आणि हात काडीसारखे. दही नाही, केळं नाही, अंडं नाही, मासळी नाही. मी म्हटलं, अगं, डॉक्टर सांगतो ना, दम्याला पंप रोज दे आणि तपासणीत जे बाधतं असं निघालं नाही ते सगळं खाऊ दे. तर तू म्हणालीस, "आई, तुझ्याच पथ्यावर वाढले मी. ते केळं विसरलीस काय?"

विसरले नाही. पूजेतलं केळं तू लपून खाल्लंस आणि तासाभरात तुला धाप लागली. तशी धापा टाकत असताना मी तुला मारलं. पण त्याआधी डास झाले म्हणून दारं लावून मीच धूप घातलेला. धुराने तुला धाप लागते, हे मला तेव्हापण माहीत होतं. तुझे पप्पा ओरडायला लागले, मी केळ्याचं नाव घेतलं. मग ते खोटं टिकवायला एकेक जिन्नस बंद करत गेले.

हे वाचलंस तर पोरगी जेवेल, पण तू मला दारात उभी करणार नाहीस. म्हणून हे पत्र माझ्या तांदळाच्या डब्याखालीच राहणार.

काल निघताना रिद्धीने माझ्या पिशवीतली केळी बघितली आणि आपणच म्हणाली, "आजी, मला बाधतं ना?"

मी हो म्हटलं.

तुझी आई,
मुक्काम दिवा