आईचा गुडघा

३ मार्च
नवा गुडघा बसवून जेमतेम दोन महिने, आणि जखमेतून पू. सर्जन म्हणाले, "सांधा काढावा लागेल. पुन्हा बसवता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही." आई एवढंच म्हणाली, "म्हणजे काठी घेऊनही नाही?"

जंतू ऑपरेशन थिएटरमधलेच असणार. ज्याच्यामुळे ते आले, त्या माणसाला मी सोडणार नाही!

५ मार्च
आईच्या गुडघ्यातले जंतू आमच्याच लॅबमध्ये आले. सर म्हणाले, "तू यात पडू नकोस." मी पडलेच. जंतूंचं नाव एकच असलं तरी घराणी वेगळी — जनुकं वाचली की कोण कुणाचं ते कळतं. आणि हे जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही गुपचूप राहतात, म्हणून आमच्याकडे जखमेजवळ गेलेल्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना घेतात. सर्जनने मुकाट्याने नाक पुढे केलं. नर्सनेही.

बाबांच्या नाकात कापसाचा बोळा फिरवला तर शिंकांवर शिंका. म्हणाले, "माझ्या नाकात नाक खुपसणारी तू पहिलीच." आई हसली. कितीतरी दिवसांनी.

८ मार्च
सांधा काढला. आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

१४ मार्च
निकाल आला. सर्जन नाही, नर्स नाही, मी नाही. आईच्या स्वतःच्या नाकातही ते नाहीत.

गुडघ्यातले आणि बाबांचे — एकच.

"घरी ड्रेसिंग कोण करायचं?" सरांनी विचारलं. बाबाच. हात धुऊन, हातमोजे घालून, मी शिकवलं तस्संच. मग चुकलं कुठे?

बसमध्ये आठवलं. औषध झोंबलं की आई कळवळायची, आणि बाबा वाकून जखमेवर फुंकर घालायचे. लहानपणी माझ्या खरचटलेल्या कोपरावर घालायचे तशीच. दारातून ते बघून मला किती बरं वाटायचं!

स्टॉप येऊन गेला तरी उतरले नाही. आता चिडू कुणावर?

१५ मार्च
बाबांनी विचारलं, "कुणाचे निघाले गं?"
"कळलं नाही. नमुने खराब झाले."
माझ्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि आईचा डबा भरायला लागले. माझ्याच्याने जेववलं नाही.

१७ मार्च
आज वॉर्डात नर्सने ड्रेसिंग बदललं. औषध झोंबलं तशी आई बाबांना म्हणाली, "अहो, फुंकर घाला ना जरा."

बाबांनी तोंडावर रुमाल दाबला आणि ते बाहेर निघून गेले.