मामा, निरोप थंडा करायचा राह्यला

प्रिय मामा,

आज तुम्हाले लिहायले बसली त्याचं कारण माहा सरावाचा पेपर. सकाळी ऑनलाइन क्लासच्या टीचरनं तपासून पाठवला. वीसपैकी सात! खाली लिहिलं होतं, "अगं, तू सगळंच उतरवून काढलंस. आजींना फक्त पाणी कधी येणार ते हवं होतं."

कोण्या आजी, म्हणान तुम्ही. सांगते. माह्या इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेत मीडिएशन नावाचा एक लेखी प्रश्न राह्यते. लांबलचक मजकूर देतात, अन् एक माणूस देतात. त्या माणसाले जे पायजे तेवढंच निवडायचं, त्याले पटकन समजन असं आपल्या शब्दांत लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही. मले आलं होतं सोसायटीचं दीड पानाचं पत्रक अन् शेजारची म्हातारी. मी पाइपलाइनच्या कंत्राटापासून सचिवाच्या सहीपर्यंत सगळं लिहिलं. पाण्याचा टाइम शेवटच्या ओळीत!

पहिले हसू आलं, मामा. मंग हसताच येईना. कारण हे काम तं तुम्ही जिंदगीभर केलं! मोताळ्याच्या दुकानात बी-बियाणं विकता विकता किती सोयरिकी जमवल्या तुम्ही. ह्या घरचा निरोप त्या घरी, त्या घरचा ह्या घरी.

मी सहावीत होती, तुमच्या गाडीवर मागं बसून एका सोयरिकीच्या कामाले आली होती, आठवते? पोराच्या आईनं पोरीच्या रंगावरून नाही नाही ते बोललं. तुम्ही तिथून निघाले अन् स्टँडवर अर्धा घंटा चहाच पीत बसले. मंग पोरीच्या घरी जाऊन म्हणता काय, "त्याइले चार दिवस इचार करायचा हाय."

बाहेर आल्याबरोबर मी म्हटलं, "मामा, तुम्ही लबाड बोलले!"

"काऊन? इचार तं करूनच राह्यले ना ते? हे पाहा मॅडम, निरोप चहासारखा राह्यते. चुलीवरून सीधा तोंडात ओतला तं तोंड भाजते. थंडा करून द्या लागते."

पण दुसऱ्या एका पोराची दारू तुम्ही पोरीच्या बापाले पहिल्याच वाक्यात सांगितली होती. तेव्हा ना चहा, ना थांबणं. मंग काय ठेवायचं अन् काय गाळायचं, हे तुम्हाले कसं समजे? माह्या पुस्तकात त्याचे चार पानं नियम हायेत. तरी मले समजत नाही.

मागच्या उन्हाळ्यात, अखजीच्या सणाआधी तुम्ही माह्यासाठी दुसरबीडचं स्थळ आणलं. मले न विचारता काऊन आणलं हो? आई अशी भडकली! "पोरगी अभ्यास करून राह्यली अन् याले लग्न सुचून राह्यलं! कळव त्याले. म्हणा, गावच्या पोरी उजवल्या तशी माही उजवू नोको. माह्या दारात पाय ठेवू नोको."

कळव म्हणाली, मी कळवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर. तिचे शब्द जसेच्या तसे. पहिलीपासून शाळेत हेच तं शिकवलं होतं, दुसऱ्याचं बोलणं बदलायचं नाही.

दहा मिनिटांत तुमचं उत्तर आलं. "बरं. तुहा पेपर कधी हाय?"

आईनं विचारलं, "काय म्हणे?"

मी म्हटलं, "बरं म्हणे."

बस, एवढंच! जिथं गाळायचं तिथं सगळं ठेवलं, अन् जिथं ठेवायचं तिथं अर्धं गाळलं. पेपरचं तं माह्यासाठी हाय, आईच्या काय कामाचं, असं वाटलं मले. ते ऐकलं असतं तं तिले समजलं असतं ना, की तुम्ही रागावले नाही? तुम्हालेही उत्तर दिलं नाही मी. मलेही राग होता.

भाऊबीजेले ती ताट घेऊन दारात उभी होती. दिवेलागण झाली तरी तुम्ही आले नाही. मंग भाऊ नसलेली बाई करते तसं तिनं चंद्राले ओवाळलं. तुम्ही जिवंत असून! अन् संक्रांतीनंतर तुमच्या छातीत दुखलं, तं दवाखान्यापर्यंतही पोचले नाही, वाटेतच गेले.

तुम्ही तरी काऊन मानलं, मामा? साऱ्या दुनियेचे निरोप थंडे करणारा माणूस, अन् बहिणीचा तेवढा तसाच गिळला? मोताळ्याहून नांदुऱ्याचं आमचं घर काय दूर हाय?

आई अजून विचारते. भाकरी थापता थापता मधातच म्हणते, "रागात बोलली मी. रसिकानं काय तसंच थोडी सांगितलं असन? मामाची भाची हाय ते. तरी भाऊबीजेले काऊन नाही आला तो?"

अन् मी गप.

आता तुम्हीच सांगा, हे कसं सोडवू? खरं सांगितलं तं ती मोडन, माह्याशी कदाचित बोलणारही नाही. नाही सांगितलं तं जन्मभर तुम्हाले कठोर म्हणन. हे गप राहणं म्हणजे निरोप थंडा करणं हाय, की लपवणं? सकाळपासून तेच घोळून राह्यलं डोक्यात. इकडून पाहिलं तं एक वाटते, तिकडून पाहिलं तं दुसरंच. फिरून फिरून तो दारूवाला पोरगाच आठवते. तिथं तुम्ही चहाले थांबले नव्हते.

पण मी थांबीन, मामा, एका चहापुरती. आज चार वाजता दोघींचा चहा ठेवीन. तिले कपभर सुखानं पिऊ देईन. मंग मोबाइल तिच्या हातात देईन. माहा मेसेज अन् तुमचं उत्तर, दोन्ही. माह्या मनाचं त्यात काहीच घालणार नाही. रडली तं रडू देईन, मारलं तं मार खाईन. पक्कं.

अन् हो, तुम्ही विचारलं होतं, सांगायचं राहूनच गेलं.

पेपर पुढच्या रविवारी हाय, मामा.

तुमची,
मॅडम