शेवळांच्या भाजीविषयी

आई, तुझ्या हातच्या भाजीविषयी मी लोकांत खोटे बोललो, म्हणून आज लिहावयास बसलो आहे. आपल्या खालापूरच्या घरी आता मुंबईची माणसे मुक्कामाला येतात. रान हिंडतात, पाखरे पाहतात आणि तुम्ही खाता तेच आमच्या पानात वाढा म्हणतात. तुझा नातू आणि त्याची बायको हे सर्व पाहतात. माझ्याकडे काम एकच, ओटीवर खुर्चीत बसून जुन्या गोष्टी सांगणे. गेल्या रविवारी रानातून शेवळांचे कोंब आले. ते शिजवायचे कसे, असे सुनेने विचारले. मला येत नव्हते. परंतु पाहुण्यांसमोर तसे म्हणणे जमले नाही. "आईच्या हातची जन्मभर खाल्ली आहेत," असे म्हणून मी तिला कृती सांगितली. पहिल्याच घासाला पाहुणे खाकरू लागले. एक जण घटाघटा पाणी पिऊन म्हणाला, "काका, ही शेवळं की खाजकुयली?" सगळे हसले. गलका ऐकून शेजारची म्हातारी आली. "काकडां ठेचून नाय घातली का गं? त्या आंबट फलांबिगर शेवलां खाजनारच," असे सुनेला म्हणून ती माझ्याकडे वळली. "तुज्या आयनं सांगितलं नाय काय रं तुला?" मी म्हणालो, "नाही. आईला ते ठाऊक नसावे."

तुला ठाऊक होते. रसायनीच्या कारखान्यात मी नुकता लागलो होतो, त्या दिवसांतली गोष्ट. माझ्या खोलीच्या दारात तू उभी आहेस. फडक्यात शेवळे, आणि पदराच्या गाठीत काकडाची फळे निराळी बांधलेली. "आधी ही ठेच, नायतर घसा धरंल," असे तू सांगते आहेस आणि आत माझे सोबती बसलेले आहेत. चौथी पास झालेला, शुद्ध बोलणारा मी तुला अर्ध्यावर तोडून म्हणतो, "हे जंगली अन्न येथे आणत जाऊ नकोस." तू गाठ पुन्हा आवळलीस. "बरं सायेब," एवढेच म्हणालीस आणि आलीस तशी परत गेलीस. त्यानंतर माझ्या पानात तू शेवळे कधी वाढली नाहीस. मीही मागितली नाहीत.

आता भाजीत काकड पडते. पाहुणे दोनदा मागून घेतात. सून त्यांना कौतुकाने सांगते, "आमच्या आजेसासूबाईंना हे माहीत नव्हतं हं, शेजारच्या आजींनी शिकवलं." मी खुर्चीत बसून ऐकतो. हा कागद कोठे धाडावयाचा नाही, गादीखाली राहील. उद्या सर्वांसमोर खरे सांगेन, असे शेवटी लिहिणार होतो. पण तुला तरी खोटे कशाला लिहू?