बैल दुपारी बघायचा

पण तू जिता होतास तेव्हाही असाच होतास बा, काही विचारलं की "बघू" म्हणायचं आणि विडी पेटवायची. आता तुझ्या वाटणीचे प्रश्न माझ्याकडे येतात. आपल्या बारकीला एमटेकला दोन ठिकाणी ॲडमिशन मिळतेय. बायोमेडिकल इंजिनिअरिंग, म्हणजे दवाखान्यात लागणारी यंत्रं बनवायचं शिक्षण. एक कॉलेज मुंबईत, नाव घेतलं की शेणवे गावचा वाणीसुद्धा मान डोलावतो. दुसरं पार खाली दक्षिणेत, त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. शुक्रवारपर्यंत एकाला हो म्हणायचं, नायतर दोन्ही जागा जाणार. आणि ही बया रोज मला फोन करते. मी इकडे कच्छात उन्हात सोलरच्या काचा धुतोय, नववीत शाळा सोडलेला माणूस, आणि मला विचारते, "दादा, बा असता तर काय म्हणाला असता?"

"बघू म्हणाला असता."

"मस्करी नको रे. खरं सांग."

काय खरं सांगू? तू गेलास तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्यासाठी तू म्हणजे भिंतीवरचा फोटो, आणि फोटो कधी चुकत नाही. आय म्हणते मुंबईचंच घे, शनवारी घरी तरी येशील. मी म्हटलं, तू मध्ये पडू नको. मग आय रडली, ते बघून बारकी रडली, आणि इकडे मुकादम ओरडला, फोन ठेव म्हणून.

शेवटी वैतागून मी तिला म्हसा गावच्या जत्रेचं सांगितलं. मी सहा वर्षांचा असेन. आपला एक बैल मेलेला, त्याच्या जोडीला दुसरा घ्यायचा होता. सकाळी पोचलो तर रंगवलेल्या शिंगांचे, घुंगरांचे बैल नुसते झळकत होते. एकापुढून मी हलेना. तू म्हणालास, "सकाळी सगळेच चांगले दिसतात. बैल दुपारी बघायचा." आणि झाडाखाली जाऊन बसलास. ऊन चढतं, चारा संपतो, मालक जेवायला जातात, तेव्हा कुठं तू उठतोस. दावं धरून उभ्या असलेल्या गड्याला विचारतोस, "हा पाणी कवा पितो? बांधता कुठं? मारता किती?" मला भूक लागलेली, मी रडतोय, आणि तुझ्या गड्याशी गप्पा संपत नाहीत.

मला वाटलं बारकी हसेल. तर तिने दोन्ही कॉलेजांतल्या सरांना सोडून तिथं शिकणाऱ्या पोरांनाच फोन लावले. मुंबईचा पोरगा म्हणाला, यंत्रं भारी आहेत, पण हात लावायला नंबर लावावा लागतो. दक्षिणेतली पोरगी म्हणाली, हॉस्पिटल त्याच आवारात आहे, आपण बनवलेलं थेट वॉर्डात नेऊन दाखवायचं, चुकलं की नर्स सगळ्यांसमोर झापते, आणि जेवण भिकार.

"दादा, मी तिकडंच जाते," बारकी म्हणाली. "जेवणाचं खरं बोलली, म्हणजे बाकीचंपण खरंच असंल."

"आणि आयला कोण सांगंल?"

"तू."

घ्या. तेही माझ्याच गळ्यात. आयला सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडं भात तरी खातात का रे?" खातात म्हटलं, दोन्ही वेळ. "मग जाऊ दे."

एक गोष्ट मात्र मी बारकीला सांगितली नाही, बा. दिवसभर मला उपाशी ठेवून, इतकं बघून आणलेला तुझा तो बैल पहिल्याच चिखलणीत खाली बसला. शेजारी हसले, "इकून टाक आता." तू जू सोडलंस, चिखलात त्याच्याजवळ बसलास, मानेवर हात टाकून म्हणालास, "मी निवडलाय ना? मग उठवीन पण मीच." उठला. पुढच्या वर्षी परत बसला. तू परत चिखलात, आणि मी बांधावर लाजेने मेलेला.

उद्या जर ती फोन करून म्हणाली, "दादा, नाय जमत मला इथं," तर मी काय करू? तू तर सांगणार नाहीस. हे तुझ्यापर्यंत पोचणारही नाही. इथून तिच्या कॉलेजला जायला कुठली गाडी, कुठं बदलायची, ते मी विचारून ठेवलंय. सुट्टीत गावी यायला पैसे जपून ठेवलेले होते, तेच तिची जागा पक्की करायला आज पाठवतोय, पंचवीस हजार.