किल्ड्रोनीची रुंद काच

प्रिय फिनले,

आणि तरीही तू फोनवर म्हणालास, "इशबेल, अहवालात मी फक्त शैलीबद्दल लिहिलं." फक्त! तुझ्या त्या 'फक्त'मुळे किल्ड्रोनी स्टेशनची जुनी सिग्नल केबिन सोमवारी पाडतायत.

शैली मलाही कळते रे. आपण दोघं मिळूनच तर शिकलो. तुझ्या खटारा गाडीतून, चिप्स खात, रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिन शोधत अख्खा उत्तर स्कॉटलंड पालथा घातला. खाली विटा, वर काचा दिसल्या की तू ओरडायचास, "ही दक्षिणेकडच्या रेल्वेवाल्यांची!" उभ्या फळ्या, सांध्यांवर पट्ट्या, छपराच्या टोकाला लाकडी भाला दिसला की मी ओरडायचे, "ही आपली, उत्तरेच्या डोंगरातली, हायलँडवाली!" किल्ड्रोनीला तर तू रस्त्यातच नाचलास.

मग मी तुला घरी नेलं. बाबा तिथले जुने सिग्नलवाले. त्यांनी तुला केबिन दाखवली, बूट काढायला लावले. तू सिग्नल ओढायच्या लिव्हरला नुसता हात लावलास तर खेकसले, "अरे गाढवा, फडकं घे! घामाने पोलाद गंजतं." तू त्यांना आवडलास, म्हणून त्यांनी ती रुंद काच दाखवली. आधी तिथे लहान तावदानं होती. मधल्या लाकडांमुळे वळणावर गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसायचा नाही. तो दिसल्याशिवाय सिग्नलवाला गाडी अख्खी आली असं मानत नाही. मागे एखादा डबा सुटला असला तर? बाबा रेल्वेच्या साहेबांशी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा काच बसली. "ही माझी काच, पोरा," म्हणाले.

आणि तू वारसा खात्यासाठीच्या अहवालात लिहिलंस, एका कर्मचाऱ्याच्या हट्टामुळे खिडकी बदलली, मूळ शैली बिघडली, जतन करण्यासारखं काही नाही. एका कर्मचाऱ्याच्या! त्यांच्या हातचं सूप दोनदा मागून घेतलंस ना? माणसांनी तिथे काम केलं, हाच तुझ्या लेखी बिघाड.

भांडायला लिहीत नाहीये. बाबांना वाटतंय, हे एडिनबराच्या कुणा अनोळखी साहेबाने केलं. काल त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग मला म्हणाले, "आपल्या फिनलेला बोलव गं. शिकलेला आहे, आपल्या बाजूने भांडेल तो." मी तुझं नाव न घेता "बोलवते" म्हटलं. रविवारी ते तुझी वाट बघणार आहेत. आता तूच सांग, त्या साहेबाचं नाव त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकावं, तुझ्या की माझ्या?

कालपर्यंत तुझीच,
इशबेल